पंचवीस नंबरचं दार

ठाणे-बेलापूर रस्त्यावर तळवली नाक्याशी उतरलं की एका अंगाला एमआयडीसीचा पट्टा लागतो आणि दुसऱ्या अंगाला गावठाण. पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडांशेजारी आता खिडक्या नसलेल्या थोराड इमारती उभ्या आहेत. रबाळे, महापे, ऐरोली ही नावं आज डेटा सेंटरांसाठी ओळखली जातात. बँकांचे हिशेब, सिनेमे, सरकारी अर्ज असं सगळं तिथे अहोरात्र गार हवेत सांभाळलं जातं. रस्ता ओलांडून गावठाणात शिरलं की घरं एकमेकांना खेटून उभी, वर केबलच्या तारांची जाळी, ओट्यावर सुकत टाकलेले सोडे आणि दारात तुळस. याच गावठाणातल्या एका तळमजल्याच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात मी आठ-दहा संध्याकाळी काढल्या. काम होतं एका कारखान्याचा ईमेल सर्व्हर बसवण्याचं.

कारखाना माझ्या शाळूसोबत्याचा. एमआयडीसीत एका गाळ्यात लेथवर पितळी फिटिंग्ज करणारा. ऑफिस मात्र घराच्या तळमजल्यावर. त्याची मुलगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एका डेटा सेंटरात शिफ्ट ड्युटी करते. दुसऱ्यांच्या हजारो मशीनवर लक्ष ठेवणाऱ्या त्या पोरीला आपल्या घरात आपला एक सर्व्हर असावा असं वाटत होतं. तिने जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवली, एक तयार मेल सर्व्हरचं पॅकेज उतरवून घेतलं आणि तिसऱ्या पायरीवर अडकली. मित्राचा फोन आला, “अरे, पोरगी दोन रात्री झोपली नाय. तू ये जरा.”

मी गेली अनेक वर्षं लहान ऑफिसांचे मेल सर्व्हर बसवतो, दुरुस्त करतो. या कामाबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि जे आहे ते इंग्रजी चुकांच्या इंग्रजी उत्तरांत अडकलेलं आहे. म्हणून त्या खोलीतल्या संध्याकाळी जशा गेल्या तशा इथे मांडतो. सर्व्हर बसवताना येणाऱ्या चुका या माझ्या मते अडथळ्यांची यादी नव्हेत. पत्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचण्यासाठी किती जणांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा लागतो, त्याचा तो नकाशा असतो. चूक कुठली हे कळलं की भरवसा कुठे तुटला तेही कळतं.

टपालाची वाट

पोरीला मी आधी कॉम्प्युटरपासून उठवलं आणि पिनकोड लिहायला सांगितला. तिने ४००७०१ लिहिलं, घणसोली पोस्टाचा. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पत्ता कुठल्याही लिपीत असो, अक्षर कितीही किरटं असो, सहा आकड्यांवरून टपाल मार्गी लागावं अशी ती योजना. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी कुठे करायची ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ठरवतात. तळवलीच्या कुठल्याही गल्लीचं नाव दिल्लीतल्या सॉर्टरला ठाऊक असायची गरज नाही.

ईमेल अगदी असंच चालतं. पत्त्यातल्या ‘ॲट’च्या खुणेनंतरचा भाग म्हणजे डोमेन. पाठवणारा सर्व्हर डीएनएस या जगभर पसरलेल्या नोंदवहीत विचारतो, या डोमेनचं टपाल कोण घेतं? उत्तर देणाऱ्या नोंदीला एमएक्स म्हणतात. मग तो सर्व्हर त्या मशीनच्या पंचवीस नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्ट २५ वर, जाऊन उभा राहतो आणि बोलायला लागतो. हे बोलणं साध्या वाक्यांत होतं. मी अमुक, पत्र अमक्याकडून, अमक्यासाठी, घेता का? त्या संभाषणाचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहून काढले. नंतर भर पडत गेली, पण पाया तोच राहिला.

दाराआडून मिळणारं उत्तर तीन आकड्यांचं असतं. दोनने सुरू झालं तर होकार. चारने सुरू झालं तर ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या’. पाचने सुरू झालं तर ‘हे पत्र घेणार नाही, परत न्या’. मेल सर्व्हर दुरुस्त करणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढं पाठ केलं तरी निम्मी भीती जाते. चारचा आकडा बघून लोक सेटिंग बदलत सुटतात, खरं तर तिथे फक्त थांबायचं असतं. पाचचा आकडा आला की मात्र थांबून काही होत नाही. तिथे कारण शोधावं लागतं.

जुहूहून निघालेलं पत्र

ही विद्या आपल्याकडे आली तेव्हा तिचं एक मोठं ठाणं मुंबईतच होतं. जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, १९८५मध्ये उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या कामातून ती जन्मली आणि श्रीनिवासन रमाणी तिचे संचालक होते. १९८६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने केंद्र सरकारने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ जागा त्यात होत्या. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली, तीच देशातल्या या जाळ्याची सुरुवात.

तेव्हाची पद्धत ऐकली की आजच्या पिढीला नवल वाटतं. तार सतत जोडलेली नसे. एक मशीन ठरल्या वेळी दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रं देई, तिकडची घेई आणि फोन ठेवी. फोन लागला नाही तर पत्र तसंच साठवून पुढच्या खेपेची वाट बघायची. पुढे अमेरिकेतल्या यूयूनेट या जाळ्याशी जुहूची जोडणी झाली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे आज मोबाइलवर एक फोटो उघडायला जेवढं लागतं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतका. तरीही त्या तारेवरून देशभरातल्या संशोधकांचा पत्रव्यवहार चालला. ‘डॉट इन’ या भारतीय डोमेनचा कारभारही सुरुवातीला एनसीएसटीच बघत असे. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुलं केलं, ते नंतर. २००३मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघरचं तिचं केंद्र आजही चालू आहे, तळवलीपासून तासाभराच्या आत.

साठवा आणि पुढे पाठवा, हा त्या काळचा नाइलाज होता. ईमेलने तो स्वभाव म्हणून ठेवला. समोरचं दार बंद असेल तर पत्र फेकून द्यायचं नाही, आपल्याजवळ ठेवून पुन्हा पुन्हा जायचं. आजचे सर्व्हरही साधारण चार-पाच दिवस तसं करतात.

पहिली ओळ वाच

पोरीचं इन्स्टॉलेशन जिथे थांबलं होतं तिथे पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग होता. ती शेवटच्या ओळीवर दोन रात्री डोकं आपटत होती. मी म्हटलं, “वर जा. अजून वर. पहिली चूक कुठली लिहिलीय?”

“काका, ती तर साधीच वाटली म्हणून सोडली.”

ती ‘साधी’ ओळ सांगत होती की पोर्ट २५वर आधीच कोणीतरी बसलं आहे. आधीच्या एका प्रयत्नात तिने उबुंटूचा स्वतःचा पोस्टफिक्स हा टपाल ने-आण करणारा प्रोग्रॅम बसवला होता आणि विसरली होती. तो मागे चालूच होता. नव्या पॅकेजबरोबर त्याचा स्वतःचा पोस्टफिक्स होता. एका दारावर दोन रखवालदार बसत नाहीत. दुसऱ्याला जागा मिळाली नाही म्हणून तो उठला नाही. तो उठला नाही म्हणून त्याच्यावर विसंबलेला गाळणीचा प्रोग्रॅम उठला नाही. गाळणी नाही म्हणून टपालपेटी उठली नाही. शेवटची तक्रार टपालपेटीची होती, आणि ती बिचारी निर्दोष होती.

लॉग वाचायची रीत हीच. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. चुकांची साखळी लागते तेव्हा खालून वर जायचं आणि वेळेच्या हिशेबाने पहिली तक्रार शोधायची. बाकीच्या बहुतेक तिच्या पोटातून निघालेल्या असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदललेली ओळ लिहून ठेवायची आणि पुन्हा चालवून बघायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशाने झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी ज्ञान शून्य.

दुसरी चूक डीएनएसची निघाली. इन्स्टॉलर म्हणत होता की या डोमेनची एमएक्स नोंद सापडत नाही. नोंद होती, पण तिच्यात मशीनच्या नावाऐवजी आयपी क्रमांक, म्हणजे मशीनचा जाळ्यावरचा आकडी पत्ता, भरला होता. एमएक्समध्ये नाव लागतं. त्या नावाचा क्रमांक कुठला, ही वेगळी नोंद. यावरून मला माझी जुनी फजिती आठवली. हाताने लिहिलेल्या डीएनएस फायलीत नावाच्या शेवटी पूर्णविराम द्यावा लागतो. तो राहिला तर डोमेन दोनदा जोडलं जातं आणि जगात नसलेल्या पत्त्यावर टपाल जाऊ लागतं. मी एकदा एक पूर्णविराम शोधण्यात अख्खा रविवार घालवला होता. ज्याने विरामचिन्हांचा आळस केला त्याने या धंद्यात येऊ नये, असं तेव्हा एक वडीलधारे सहकारी म्हणाले होते. ते मला आजही पटतं.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही तयार पॅकेज काढून टाकलं. दहा माणसांच्या ऑफिसाला ते फार जड होतं, आणि जुन्या मशीनची मेमरी व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅमनेच खाऊन टाकली असती. पत्रं ने-आण करायला पोस्टफिक्स आणि पेटीतली पत्रं वाचायला देण्यासाठी डव्हकॉट, अशी दोन सुटी अवजारं घेतली. पोस्टफिक्स वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिला आणि १९९८मध्ये जगाला दिला. डव्हकॉट हा फिनलंडच्या तिमो सिराइनेन यांचा, २००२चा. दोन्ही फुकट आणि खुली.

फाइल आहे, तरी नाही

पत्र पाठवताना कारखान्यातला माणूस खरंच आपला आहे का, हे पोस्टफिक्स डव्हकॉटला विचारतो. त्यासाठी दोघांमध्ये एक छोटी खिडकी असते, जिला सॉकेट म्हणतात. चौथ्या संध्याकाळी लॉग सांगत होता की अशी फाइलच नाही. पोरीने ती फाइल मला उघड्या डोळ्यांनी दाखवली. होती!

ही चूक भल्याभल्यांना रडवते. डेबियन आणि उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये पोस्टफिक्सचे बरेच भाग एका बंद खोलीत कोंडलेले असतात. कोणी बाहेरच्याने त्यांचा ताबा घेतला तरी घरभर हिंडता येऊ नये म्हणून ही सोय. कोंडलेल्या प्रोग्रॅमला ती खोली म्हणजेच सगळं जग. खिडकी खोलीच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर त्याला ती दिसणारच नाही. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या जगात ती खरंच नव्हती. खिडकी आतल्या भिंतीला काढली आणि तिची मालकी पोस्टफिक्सच्या नावावर केली, की दोघांचं बोलणं सुरू झालं.

चुकीची ओळ वाचताना ती कोण बोलतोय आणि कुठे उभा राहून बोलतोय, हे बघावं लागतं. पोरीने हे वहीत लिहून घेतलं. ही वही मी पहिल्याच दिवशी तिला आणायला लावली होती, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कव्हरची. तारीख, चूक, कारण, उपाय असे चार रकाने. मराठीत.

पाचशे मैलांच्या आतलं पत्र

चहाच्या वेळी मी तिला या धंद्यातली एक गाजलेली हकिगत सांगितली. ती ट्रे हॅरिस या सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने लिहून ठेवली आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठात तो काम करत असताना संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी तक्रार केली की आमची पत्रं पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाहीत. ईमेलला अंतर कळत नाही, त्यामुळे त्याला हे हास्यास्पद वाटलं. पण त्याने तपासून पाहिलं तर खरंच तसं घडत होतं.

कारण असं निघालं. कोणीतरी त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली होती. त्यात सेंडमेल हा टपालाचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवरून जुन्या आवृत्तीवर घसरला, मात्र त्याची सेटिंगची फाइल नवीच राहिली. जुन्या प्रोग्रॅमला नव्या फायलीतल्या ओळी कळेनात, म्हणून त्याने त्या सोडून दिल्या. समोरच्या सर्व्हरची किती वेळ वाट बघायची, हा आकडा त्यामुळे शून्य झाला. प्रत्यक्षात त्या मशीनवर शून्य म्हणजे तीन मिलिसेकंदांच्या आसपास होतं. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे ५५८ मैल जातो. हिशेब ढोबळ आहे, पण त्याच्या पलीकडच्या सर्व्हरचं उत्तर यायच्या आत हा कंटाळून निघून जात होता. तळवलीत तसं झालं असतं तर नागपूरचं पत्र गेलं असतं आणि दिल्लीचं परत आलं असतं.

पोरगी हसली नाही. ती विचारात पडली आणि म्हणाली, “म्हणजे त्या सरांचं म्हणणं खरं होतं, फक्त त्यांना कारण माहीत नव्हतं.” एवढंच मला तिला सांगायचं होतं. तक्रार करणाऱ्याला वेड्यात काढायचं नाही. त्याने जे पाहिलं ते पुरावा म्हणून घ्यायचं. आणि प्रोग्रॅमची आवृत्ती नि सेटिंगच्या फायलीची आवृत्ती जुळते का, हे नवीन काही बसवताना आधी तपासायचं.

एका रात्री उघडं राहिलेलं दार

पाचव्या संध्याकाळी मित्राच्या मोबाइलवरून पाठवलेलं पत्र ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ असं सांगत परत आलं. अर्थ असा की तू आमच्या घरातला नाहीस, आणि दुसऱ्याचं टपाल आम्ही पुढे नेत नाही. त्याने आपली ओळख न पटवताच दार वाजवलं होतं. मोबाइलवर ५८७ नंबरचं दार आणि पासवर्ड भरला की प्रश्न मिटणार होता. पण पोरीने कुठेतरी वाचलेला उपाय सुचवला, ‘आपल्या घरातले कोण’ या यादीत सगळं जग भरून टाकायचं.

मी तिचा हात धरला. तोच उपाय मी तरुणपणी ठाण्यातल्या एका छोट्या ऑफिसात केला होता. संध्याकाळी साहेबांची पत्रं जाऊ लागली, मी खुशीत घरी गेलो. सकाळी मशीन धापा टाकत होतं. रांगेत हजारो पत्रं होती, कुठल्या कुठल्या औषधांच्या आणि कर्जांच्या जाहिराती, कोणा अनोळखी माणसाने आमच्या दारातून जगभर पाठवलेल्या. दार उघडं आहे का हे बघत अहोरात्र फिरणारे प्रोग्रॅम असतात, आमचं त्यांना एका रात्रीत सापडलं. त्या ऑफिसचा आयपी क्रमांक काळ्या यादीत गेला आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांची खरी पत्रं कोणी घेईना. एक निविदा वेळेत पोचली नाही. त्या लोकांनी मला काही बोल लावला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

पूर्वी असं नव्हतं. पोस्टेल यांनी नियम लिहिले तेव्हा जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत. कोणाचंही टपाल पुढे नेणं हा शेजारधर्म होता. जाहिरातवाल्यांनी तो धर्म ओरबाडला. १९९८मध्ये सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीने परक्याचं टपाल नेणं मुळातच बंद करून टाकलं. त्याच वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस सुरू केलं, ज्याच्या याद्या आज जगभरचे सर्व्हर दार उघडण्याआधी बघतात. म्हणून ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ ही ओळ दिसली की मला ती चूक वाटत नाही. रखवालदार जागा असल्याची ती खूण आहे. त्याला गप्प करायचं नसतं, आपण आपली ओळख पटवायची असते.

दुसऱ्याच्या दप्तरातली नोंद

सहाव्या दिवशी आतलं सगळं जुळलं. खोलीतल्या खोलीत पत्रं फिरू लागली. बाहेर मात्र एकही जाईना. लॉगमध्ये फक्त ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. साध्या घरगुती जोडणीवर बरेच इंटरनेट पुरवठादार पोर्ट २५वरून बाहेर जाणारी वाट बंद ठेवतात. घराघरातल्या व्हायरस लागलेल्या मशीनमधून कचरा निघू नये हा हेतू, आणि तो रास्त आहे. मित्राने धंद्यासाठीची जोडणी आणि कायमचा आयपी क्रमांक घेतला. वाट उघडली.

आता पत्रं दारापर्यंत जाऊ लागली आणि तिथून परत येऊ लागली. समोरचे सर्व्हर म्हणत, तुझ्या क्रमांकाचं नाव आम्हाला सापडत नाही. नावावरून क्रमांक शोधता येतो, तसा क्रमांकावरून नावही शोधता आलं पाहिजे. त्या उलट्या नोंदीला पीटीआर म्हणतात. आणि ती डोमेनच्या मालकाच्या हातात नसते. ज्याच्या मालकीचा क्रमांक, म्हणजे इंटरनेट पुरवठादार, त्याच्या दप्तरात ती असते.

हे ऐकताच मित्र, जो इतका वेळ बाजेवर बसून नुसता ऐकत होता, तो म्हणाला, “हे आपलंच झालं की रे.” तळवलीच्या माणसाला हे दुसऱ्याने समजावून सांगावं लागत नाही. १७ मार्च १९७०ला सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादनात आली. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तानचा लढा झाला, त्यात पाच जणांनी प्राण दिले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. कुटुंबं वाढली तशी लोकांनी गावठाणात आणि भोवताली गरजेपोटी घरं बांधली. घर आपलं, भिंती आपल्या घामाच्या, दारावरची पाटी आपली, पण ज्या कागदावर ते घर ‘आहे’ असं लिहायचं तो कागद दुसऱ्याच्या दप्तरात. पाटी आणि दप्तर जुळेपर्यंत बँक कर्ज देत नाही. सर्व्हरचंही तसंच. मशीन तुमचं, नाव तुमचं, पण दुसऱ्याच्या दप्तरात त्याची साक्ष नसेल तर परका माणूस दार उघडत नाही.

पुरवठादाराकडे लेखी अर्ज केला, पाठपुरावा केला, आठवड्याने नोंद झाली. मग उरलेल्या तीन साक्षी आम्ही स्वतः उभ्या केल्या. एसपीएफ सांगतो की या डोमेनची पत्रं कोणत्या मशीनमधून निघू शकतात. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर नक्कल करता न येणारी मोहोर उठवतो. डीमार्क सांगतो की यांत खोट निघाली तर पत्राचं काय करायचं. इथेही नवशिक्या हमखास ठेचकाळतो. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी दिल्या तर दोन्ही बाद ठरतात. डीकेआयएमची किल्ली लांब असेल तर ती २५५ अक्षरांच्या तुकड्यांत लिहावी लागते. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहू यांनी सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून अशा साक्षी मागायला सुरुवात केली, आणि मोठ्या संख्येने (गुगलच्या हिशेबाने दिवसाला ५००० किंवा जास्त) पत्रं पाठवणाऱ्यांना तर तिन्ही सक्तीच्या केल्या. लहान माणसाला हे जाचक वाटतं. पण आमच्या ठाण्याच्या त्या रात्रीनंतर मी या नियमांना नावं ठेवू शकत नाही.

मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मित्राच्या बायकोने विचारला, आणि तो योग्य होता. महिन्याला थोडे पैसे भरले की तयार टपालपेटी भाड्याने मिळते, आणि बहुतेक लहान धंद्यांनी तेच करावं, असं मी स्वतः सांगतो. स्वतःचा सर्व्हर म्हणजे दुभतं जनावर. दारात बांधलं की रोज त्याची देखभाल करावी लागते, सुरक्षेच्या दुरुस्त्या चढवाव्या लागतात, बॅकअप घ्यावा लागतो, काळ्या यादीवर नजर ठेवावी लागते.

पण रस्त्यापलीकडच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतींत गावातली पोरं आज ड्युटीला जातात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला पडद्यावर लाल दिवा लागला की वरच्याला फोन करणं एवढंच येतं. दिवा का लागतो, हे आतून कळायचं तर एकदा तरी स्वतःच्या हाताने बांधून, मोडून, पुन्हा बांधून बघावं लागतं. जमीन गेली तेव्हा गावाला नोकऱ्या मिळतील असं सांगितलं गेलं. नोकरी आणि विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्या या पोरीच्या हातात यावी म्हणून मी आठ-दहा संध्याकाळी दिल्या, आणि अशा वह्या मराठीत गावोगावी लिहिल्या जाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आपली लिपीही या दारापर्यंत येऊन पोचली आहे. २७ ऑगस्ट २०१४ला ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन खुलं झालं. देवनागरी पत्त्यांचं टपाल नेण्याचे नियम २०१२मध्येच ठरले होते आणि २०१५च्या पोस्टफिक्स ३.०ने ते अंगीकारले. मात्र वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते कळलं पाहिजे. एकालाही कळलं नाही तर पत्र परत. तिथेही अडचण तीच आहे, समोरच्याने आपल्याला ओळखण्याची.

लाइट गेली ती रात्र

सर्व्हर चालू होऊन तीन आठवडे झाले असतील. एका धो धो पावसाच्या रात्री गावठाणातली लाइट गेली. यूपीएस अर्धा तास पुरला. सकाळी लाइट आली, मशीन उठलं, पण मोबाइलवर पत्रं दिसेनात. कोणीही मला फोन केला नाही. पोरीने शिफ्टवरून येऊन लॉग उघडला आणि वरून वाचला. पहिली तक्रार अशी होती की सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. तिने मशीनचं घड्याळ पाहिलं. आतली नाण्याएवढी बॅटरी मेली होती आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. डव्हकॉटच्या जुन्या आवृत्त्या तर घड्याळ मागे सरकलेलं दिसलं की स्वतःहून बंदच होत. तिने इंटरनेटवरून वेळ मिळवणारी सेवा चालू केली, नाक्यावरून नवी बॅटरी आणून बसवली.

मित्र मात्र हवालदिल होता. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डर रात्रीच येणार होती. ती आता गेलीच, असं तो धरून चालला होता. नऊच्या सुमारास पत्रं यायला लागली, एकामागून एक. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर त्याच्या प्रवासाच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्या पोरीने बापाला बोट ठेवून दाखवल्या. ती पत्रं रात्रभर समोरच्यांच्या सर्व्हरवर बसून होती. दार वाजवायचं, उत्तर नाही, मागे जाऊन थांबायचं, पुन्हा यायचं. जुहूच्या फोनच्या तारेवर जे चाले तेच आता तळवलीच्या गल्लीत चाललं होतं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा तिने वही पुढे केली. घड्याळाची चूक चार रकान्यांत नीट लिहिली होती. तिच्याखाली, ज्यात काही बिघडलंच नव्हतं अशी एक नोंद होती. चुकीचा रकाना रिकामा ठेवून तिने लिहिलं होतं: पुण्याचं पत्र, रात्री दोन दहाला निघालं, सकाळी नऊ चारला आलं. कारण: समोरचा थांबला.